वरबाप

मला बघायला आले तेव्हा आप्पांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. आष्ट्याच्या आमच्या घरात पाहुणे भिंतीला टेकून बसले होते. पोह्यांच्या बशा देऊन मी समोरच्या खुर्चीत बसले. मुलाच्या मामांनी घसा खाकरला. आता नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, हे सुरू होणार होतं. मला ते सगळं पाठ होतं. तेवढ्यात कोपऱ्यात ताठ बसलेल्या, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी हात वर केला.

"जरा थांबा," ते म्हणाले. "तिचं नाव, शिक्षान समदं आपल्याला ठावं हाय. आता तिला इचारू द्या. पोरी, तुला काय इचारायचं हाय ते इचार. आमी पावणं हाय, पोलीस न्हाई."

दारात उभ्या असलेल्या आईने पदर तोंडाशी नेला. मी तेव्हा एम.ए. होऊन सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते, आणि आधी चार-पाच ठिकाणची माणसं मला बघून गेली होती. 'तू विचार' असं कोणी म्हटलं नव्हतं. मी धीर करून म्हणाले, "तुमच्या मुलाची या लग्नाला मनापासून तयारी आहे का?"

कोणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत. ते मुलाकडे वळले. "अजित, सांग रं. माझ्याकडं बगू नगंस, तिच्याकडं बगून सांग."

अजितने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आहे."

मग आप्पांनी पोह्यांची बशी उचलली. आमचं लग्न तिथंच ठरलं. त्या 'आहे'वर त्यांनी जितका विश्वास ठेवला, तितकाच मीही ठेवला.

निवृत्त सुभेदार हणमंतराव जगदाळे. साताऱ्याहून जाताना रहिमतपूरच्या थोडं अलीकडे त्यांचं गाव. ऊस होता, थोडं आलं होतं, दोन म्हशी होत्या. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. मी मात्र, तिकडच्या सुना सासऱ्याला म्हणतात तसं, मामा म्हणायचे.

सैन्यातून येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सैन्य त्यांच्यातून गेलं नव्हतं. घरात कोणीही आलं की ते उठून उभे राहायचे. सरपंच आला तरी उभे, उसाला पाणी पाजणाऱ्या गड्याची लहान मुलगी ताक मागायला आली तरी उभे. जेवण झालं की स्वतःचं ताट उचलून मोरीत जायचे आणि घासून, पालथं घालून यायचे. सासूबाईंना त्याची लाज वाटायची. "लोक म्हनत्याल, सून आनलीया का फोटू?" त्या पुटपुटायच्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या हातून ताट ओढून घ्यायला गेले. ताट दोघांच्या हातात, खरकटं फरशीवर. आप्पा म्हणाले, "ही झोंबाझोंबी रोज करायची का? जेवलोय म्या, तर धुनार कोन? जेच्या त्याच्या हातानं." दुसऱ्या दिवसापासून मी नाद सोडला.

त्या घरातली एक गोष्ट सांगायलाच हवी. नवा ट्रॅक्टरवाला नांगरट करून गेला आणि त्याने चुलतभावाच्या बांधावर एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घेतलं. वीतभर जमीन इकडे आली. चुलतभावाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याचं रान तेव्हा पडीकच होतं. आप्पा सकाळी रानात जाऊन आले, चहा न घेताच चुलतभावाच्या दारात गेले आणि त्याला हाताला धरून बांधावर घेऊन आले. दोघांनी मिळून दगड पुन्हा जागेवर बसवले. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आवं, त्यास्नी कळलंसुदीक न्हवतं!" आप्पा पाय धुता धुता म्हणाले, "त्येला कळलं न्हवतं, पर मला कळलं हुतं न्हवं?"

अजित केंद्र सरकारच्या एका खात्यात बेळगावला नोकरीला होता. महिन्यातून एकदा यायचा. बोलायला गोड, वागायला मऊ. बेळगावात खोली लहान आहे, बदलीचा अर्ज केलाय, झाली की तुला नेतो, असं म्हणायचा. मी वर्षभराची रजा घेतली होती. फोन आला की तो उठून गोठ्याकडे जायचा, हे मी पाहत होते. रेंज नसते म्हणून जातो, असं मीच मला सांगत होते.

दिवाळी झाली होती. कारखाने सुरू झाले होते आणि रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची. दुपारी एसटीतून एक बाई उतरली आणि विचारत विचारत आमच्या दारात आली. माझ्याच वयाची, कडेवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी. आप्पा ओट्यावर लावणीसाठी आल्याचं बेणं निवडत बसले होते. सवयीप्रमाणे उठून उभे राहिले.

"या, बसा. संध्या, पानी आन गं."

बाई बसली नाही. "अजित जगदाळेंचं घर ह्येच की?"

"व्हय. म्या त्येचा बाप."

"मग तुमालाच सांगतो," ती म्हणाली. तिच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना अशाच बोलतात. "मी त्यांची बायको हाय. महादेवी. आमचं लगीन होऊन तीन वर्सं झाली की."

मी तांब्या घेऊन दारात उभी होते. तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं, मी तिच्या. दोघींच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. आमच्या लग्नातला एक फोटो कोणी नातेवाइकाने मोबाइलवर टाकला होता, तो फिरत फिरत तिच्या मैत्रिणीपर्यंत गेला होता. तो तिने आप्पांपुढे धरला. "हे खोटं हाय म्हना," ती म्हणाली. "मी अशीच माघारी जातो."

सासूबाई आतून ओरडत आल्या, "कोन गं तू? पैशापायी आलीस का?" आप्पांनी त्यांना हातानेच थांबवलं. मग त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि तिच्या हातात दिला. "आदी पानी पी, पोरी. लांबनं आलीस."

ते लहान मूल आप्पांच्या मिशांकडे टक लावून बघत होतं. कपाळ, भुवया, खालचा ओठ, सगळं अजितचं. कोणाला काही विचारायची गरज उरली नव्हती.

संध्याकाळच्या गाडीने ती परत गेली. तिला स्टँडवर सोडायला आप्पा गेले. मुलीला त्यांनी स्वतः कडेवर घेतलं होतं, आणि सगळा गाव दारात उभा राहून बघत होता.

अजितला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "घरी ये." दुसऱ्या दिवशी तो आला. सुरुवातीला नाही म्हणाला, मग ओळख होती म्हणाला, मग रडू लागला. अथणीच्या पलीकडे तिचं गाव. तिथल्या देवळात, तिच्या घरच्यांसमोर, भटजी बोलावून, अग्नीभोवती फिरून लग्न झालं होतं. मुलगी जातीबाहेरची, म्हणून घरी सांगायची हिंमत झाली नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता आमच्याकडचं स्थळ आलं, आणि वडिलांसमोर 'नाही' म्हणता आलं नाही.

"त्या दिशी म्या तुला समद्यांदेखत इचारलं हुतं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तिच्याकडं बगून सांग म्हनलं हुतं. मला भ्यालास म्हनून दोन पोरींचा इस्कोट केलास व्हय रं?"

अजितने त्यांचे पाय धरले. ते पाय सोडवून घेऊन रानाकडे निघून गेले. परत आले ते सरळ माझ्यासमोर. मी बॅग भरत होते. दारातच उभे राहून म्हणाले, "पोरी, ह्या घरात तुज्यासंगं खोटं झालंय. घर माजं, म्हंजी खोटंबी माजंच. आता तू म्हनशील तसं. तू सांगशील तितं म्या उभा ऱ्हातो."

तेव्हा मला ते दुःखाच्या भरातलं बोलणं वाटलं. माणसं अशा वेळी असं बोलतात आणि पुढे त्यांना ते आठवत नाही.

मी आष्ट्याला आले. महिनाभरात आमच्या घरी बैठक बसली. अजितचे मामा निरोप घेऊन आले होते: दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचा. कारण काहीही लिहा, पटत नाही म्हणा. फक्त महादेवीचं नाव कुठं येऊ द्यायचं नाही. पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं हे सिद्ध झालं तर त्याची सरकारी नोकरी जाईल. माझ्या वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. भिडस्त माणूस. ते म्हणाले, "प्रकरण मिटतंय तर मिटू दे बाई. आरडाओरडा करून आपलीच अब्रू जाते."

सांगलीच्या एका वकीलबाईंना मी आधीच भेटून आले होते. त्यांनी मला समजावून सांगितलं होतं की, पहिली बायको हयात असताना आणि तिच्यापासून घटस्फोट झालेला नसताना केलेलं लग्न कायद्याने लग्नच नसतं. ते पहिल्या दिवसापासून शून्य. तुमच्याकडून काही मोडायचं नाही; ते झालंच नव्हतं, एवढं कोर्टाकडून जाहीर करून घ्यायचं. मला ते हवं होतं. का हवं होतं, ते मात्र बैठकीत नीट सांगता येईना. मी मराठी शिकवणारी बाई, आणि मला शब्द सापडत नव्हते. "मी घटस्फोटित नाही," एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. अजितचे मामा म्हणाले, "अहो, निकाल एकच की! सुटका झाल्याशी मतलब. नाव काय का असेना."

आप्पा त्या बैठकीला आले होते, पण दाराजवळ बसून होते. ते म्हणाले, "एकच कसा? घटस्फोट म्हंजी मोडलं. आन् मोडायला आदी व्हावं लागतंय. हिनं हात जोडून, मन लावून लगीन केलं, पर तकडनं काय न्हवतंच. रिकाम्या म्यानाला मुजरा केला हिनं. ते तसंच जाहीर झालं पायजे." मग म्हणाले, "आन् दुसरं सांगतो. ही जर कोर्टात बायको ठरली, तर ती लेकरू घिऊन आलेली कोन ठरली? कुनी इचार केलाय का?"

"आप्पा, अजितची नोकरी जाईल," मामा म्हणाले.

"जाईल."

"पोटचा पोरगा आहे तुमचा."

"म्हनून तर म्या हितं हाय," आप्पा म्हणाले.

त्या दिवशी भाऊंनीही मान वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कर बाई तुला हवं ते."

अर्ज दाखल झाला. अजितने उत्तर दिलं की महादेवीशी लग्न झालंच नाही, ती केवळ ओळखीची; संध्या हीच त्याची कायदेशीर पत्नी. वाचताना मला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसाने मला फसवलं होतं, तोच आता कोर्टात सांगत होता की मी त्याची खरी बायको आहे. वकीलबाई म्हणाल्या, पहिलं लग्न रीतसर झालं होतं हे आपल्यालाच सिद्ध करावं लागेल. तिकडची माणसं येतील का साक्षीला?

"इचारून बगतो," आप्पा म्हणाले. "पर फोनवर न्हाई. ह्ये फोनवर सांगायचं काम न्हवं."

जायच्या आधी ते आष्ट्याला आले. त्यांच्या पिशवीत साडी होती, नारळ होता, लहान मुलीसाठी चांदीचे वाळे होते. मला म्हणाले, "म्या उद्या तिच्या गावाला चाललोय. तुला वाईट वाटंल. म्हनून आदी तुला सांगाय आलो." वाईट वाटलंच. माझ्या सासऱ्यांनी दुसऱ्या सुनेसाठी साडी घेतली होती, आणि ती घ्यायलाच हवी होती, हेही मला दिसत होतं. मी म्हणाले, "मामा, मीही येते."

मिरजेवरून आम्ही गेलो. द्राक्षबागा संपून काळं रान सुरू झालं. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बदलली. महादेवीचं घर गावाच्या टोकाला होतं. तिचे वडील, भाऊ, दोन-चार शेजारी अंगणात जमले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून ते आमच्याशी कसे बोलणार हे कळत होतं. महादेवी उंबऱ्याशी उभी होती. तिच्या भावाने कानडीत काहीतरी जोरात म्हटलं. मग मराठीत म्हणाला, "आता काय पाहिजे तुमाला? कोन तुमी?"

आप्पांनी चपला काढल्या. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांना टोपीशिवाय मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. तिच्या वडिलांसमोर जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "म्या वरबाप. लगनाला यायचं ऱ्हायलं. आज आलोय."

महादेवीच्या वडिलांना मराठी फारसं येत नव्हतं, पण 'वरबाप' त्यांना कळलं. तीन वर्षं त्यांनी गावात सांगितलं होतं की जावयाची माणसं लांबची आहेत, येतील एक दिवस. त्यांनी आप्पांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. आतून कोणीतरी चटई आणून टाकली. महादेवीचा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आम्ही तिथं जेवलो. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. महादेवीने मला वाढलं. वाढताना ती हळूच म्हणाली, "तू कशाला आलीस? तुला त्रास न्हाई होत?" मी म्हणाले, "होतो." ती म्हणाली, "मलाबी." आणि माझ्या ताटात आणखी चटणी घातली. आप्पांनी नारळ-साडी तिच्या ओटीत घातली. निघताना तिचे वडील म्हणाले, लग्न लावणारे भटजी आणि मी, दोघंही सांगलीला येतो.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. आप्पांची साक्ष एकदाच व्हायची होती, पण ते प्रत्येक तारखेला यायचे. रहिमतपूरला पॅसेंजर पकडायचे, सांगलीला उतरून चालत कोर्टात यायचे, आणि बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसायचे. पलीकडच्या बाकावर अजित असायचा. कामकाज संपलं की आप्पा फडक्यातली भाकरी काढायचे, अर्धी मला द्यायचे. मग उठून उरलेल्यातली अर्धी अजितला नेऊन द्यायचे. अजित ती घ्यायचा आणि तोंड फिरवून खायचा. येणारे-जाणारे पक्षकार त्यांच्याकडे बघायचे. हा म्हातारा नक्की कोणाच्या बाजूचा, हे कोणालाही कळत नसे.

त्यांची साक्ष झाली त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचं पांढरं धोतर-सदरा घातला होता, छातीवर पदकं लावली होती. वकीलबाई म्हणाल्या, पदकांची गरज नाही. ते म्हणाले, "तुमाला नसंल. मला हाय. ही छातीवर असली की खोटं बोलाय येत न्हाई."

त्यांनी सगळं सांगितलं. महादेवी घरी आली तो दिवस, अजितने काय कबूल केलं, तिच्या गावात ते काय बघून आले. मग अजितचे वकील उलटतपासणीला उठले.

"तुमचा मुलाशी जमिनीवरून वाद आहे?"

"न्हाई साहेब. माज्या माघारी समदं त्येचंच हाय."

"तुम्हाला सुनेने आणि तिच्या माहेरच्यांनी पढवून आणलंय."

"पोपट न्हाई म्या."

"या साक्षीमुळे मुलाची नोकरी जाऊ शकते, हे माहीत आहे?"

"हाय."

"म्हणजे स्वतःच्या मुलाच्या विरुद्ध साक्ष द्यायला आलात तुम्ही. असा बाप असतो का?"

आप्पांनी कठड्यावर ठेवलेला हात काढला आणि अजितकडे पाहिलं. "इरुद्ध न्हाई, साहेब," ते म्हणाले. "त्येच्याच बाजूनं आलोय. त्येच्या बाजूनं कुनीतरी खरं बोलाय पायजे. त्यो बोलंना, म्हनून म्या बोलतोय."

न्यायाधीशबाईंनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. वकील खाली बसले. अजितने दोन्ही हातांनी चेहरा झाकला होता.

पुढच्या तारखेला अजितची साक्ष होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, माझं महादेवीशी लग्न झालं होतं, ते खरं आहे. बाकी काही बोलला नाही. माझ्या मते, आप्पा ज्याची वाट बघत त्या बाकावर इतके महिने बसले, ते हेच होतं. मला निकाल हवा होता. त्यांना मुलगा हवा होता.

निकाल लागला. आमचा विवाह शून्य असल्याचं कोर्टाने जाहीर केलं. बाहेर आलो, चहाच्या गाड्यावर बसलो. मी म्हणाले, "चला मामा, तुम्हाला स्टेशनवर सोडते."

"आता मामा म्हनू नगंस," ते म्हणाले.

खरंच होतं. जे लग्न झालंच नव्हतं, त्यातला सासराही झाला नव्हता. ती एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. माझे डोळे भरून आले तसे ते घाईने म्हणाले, "आगं, तसं न्हवं! मामा म्हनायची तुज्यावर सक्ती हुती. ती उठली. गाव आप्पा म्हनतंय, तूबी म्हन. मर्जीनं म्हन." आणि मग कपाकडे बघत म्हणाले, "माजं पोरगं वाईट न्हाई गं. भित्रं हाय. भित्रा मानूस लय नुसकान करतोय."

अजितची नोकरी गेली. गावात लोक तोंडावर बोलले नाहीत, पण पारावर म्हणायचे, सुभेदाराने पोराची भाकरी घालवली. सासूबाईंनी आप्पांशी बोलणं सोडलं. वर्षभर त्या ताट वाढून पुढे सरकवायच्या आणि आत जायच्या. आप्पा जेवायचे, ताट धुवायचे. याची तक्रार त्यांनी माझ्याजवळ कधी केली नाही. फोन केला की एवढंच म्हणायचे, "तिचा राग रास्त हाय. आई हाय ती."

महादेवीला त्यांनी रीतसर घरी आणलं. तिने अट घातली होती, "मी सुनेसारखी येतो, बायकोसारखी येईन का नाही ते मागनं बघतो." तिने गावात शिलाईचं दुकान टाकलं. अजित फलटणला खासगी कामाला लागला. दोन वर्षं तो आला की ओट्यावर झोपायचा. मग एकदा महादेवीनेच फोनवर हसून सांगितलं, "आत घेतला की ग. थंडी लय पडली हुती." सासूबाई तोवर नातीला तेल लावून आंघोळ घालू लागल्या होत्या, आणि नातीच्या मार्फत आप्पांशी बोलूही लागल्या होत्या.

मी पुन्हा लग्न केलं. आमच्याच महाविद्यालयात शिकवणारे पाटील, जैन घरातले. मिरजेजवळ त्यांची शेती. नोंदणी पद्धतीने लग्न, मग घरगुती जेवण. आप्पा आले होते. माझ्या नव्या सासूबाईंनी त्यांची ओळख विचारली आणि भाऊ अडखळले. काय सांगणार? आप्पा उठून उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "म्या हिच्या न झालेल्या लगनाचा वरबाप." पंगतीत सासूबाईच आधी हसल्या आणि म्हणाल्या, "मग बसा की पाटावर! हे झालेलं लग्न आहे." पुढे त्या दोघांचं चांगलं जमलं. आल्याचं बेणं कुठलं घ्यावं, यावर ते फोनवर तासभर बोलायचे.

आप्पा गेल्या वर्षी गेले. रानातून आले, ओट्यावर बसले आणि गेले. महादेवीचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मी आणि पाटील पोचलो तोवर गावातले माजी सैनिक जमले होते. कोणीतरी तिरंगा आणला होता. अजित पुढे येऊन माझ्यासमोर उभा राहिला. मीच त्याच्या हातावर हात ठेवला. बायका ज्या खोलीत बसल्या होत्या, तिथं मी दाराशी थांबले. भावकीतल्या एका म्हाताऱ्या बाईने वर बघून विचारलं, "ही कोन गं? लेकीगत रडतीया."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. खटल्यापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी मान वर न करता शेजारची जागा हाताने झाडली. "आमची संध्या," त्या म्हणाल्या. "बस हितं."

सांगलीला परतल्यावर दुसऱ्या सकाळी मी पूजेसाठी देवघराच्या दारापाशी जाऊन थबकले. आत जावं की न जावं, ते मला ठरवता येईना. कायद्याने आप्पा माझे कोणी नव्हते. तसा निकाल मीच मागून घेतला होता, आणि तो मिळावा म्हणून ते स्वतः पिंजऱ्यात उभे राहिले होते. माझ्या सासूबाई, पाटलांच्या आई, मागून आल्या. त्यांनी माझ्या हातातली फुलांची परडी काढून घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे. पूजा मी करते."

लग्न झालेल्या लेकीला बापाचं जितकं सुतक असतं, तितकं मी पाळलं.